वरच्या थरावरचें मूल

श्रावणाचा अखेरचा आठवडा हा महाराष्ट्रांत मुलांचा आठवडा असतो. गोकुळाष्टमीच्या दुसऱ्या दिवशीं मुंबई-ठाण्याकडे दहीहंडीसाठीं माणसांचे थर रचले जातात आणि सर्वांत वर पथकांतला सर्वांत हलका गडी चढतो. पुढें पांच-सहा दिवसांनीं अमावास्येला पोळा येतो, आणि पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीं विदर्भांत तान्हा पोळा भरतो. वर्धा जिल्ह्यांतील सिंदी (रेल्वे) हें गांव या तान्ह्या पोळ्यासाठीं प्रसिद्ध आहे. मुलें आपापले लाकडी बैल सजवून आणतात, मोठीं माणसें त्यांचें कौतुक करतात, आणि बैल घेऊन दारीं आलेल्या मुलाला बोजारा मिळतो; कोठें पैसा, कोठें खाऊ.

एकाच पंधरवड्यांत एकाच प्रांताच्या मुलांचा हा दोन परींनीं होणारा गौरव विचार करण्याजोगा आहे. सिंदीच्या रस्त्यावर मुलाच्या हातावर कांहींतरी ठेवल्याखेरीज त्याला परत पाठवीत नाहींत. थरांच्या खेळांत मात्र मूल जितकें हलकें तितकें तें मोलाचें. तेथें त्याला कोणी उपाशी ठेवतो असें म्हणण्याचें कारण नाहीं. परंतु हलकेपणा हाच ज्या खेळांत गुण मानला जातो, त्या खेळांत मुलाच्या ताटाकडे एक निराळी नजर लागलेली असते. ही नजर मुलांच्या, विशेषतः मुलींच्या, आरोग्याचा घात कसा करते, हा आजच्या भाषणाचा विषय आहे.

या प्रश्नाचें स्वरूप सर्वांत स्पष्टपणें दिसतें तें अमेरिकेंतील चिअरलीडिंग या खेळांत. १८९८ सालीं मिनेसोटा विद्यापीठांत जॉनी कॅम्पबेल नांवाच्या विद्यार्थ्यानें फुटबॉलच्या सामन्यांत प्रेक्षकांपुढें उभें राहून जयघोषाचें पुढारीपण केलें. तेथून या प्रकाराचा आरंभ मानतात. प्रारंभीं तो पुरुषांचाच होता. १९२० नंतरच्या काळांत स्त्रिया त्यांत येऊं लागल्या आणि पुढें त्यांचीच संख्या मोठी झाली. भारतांतील घरोघरच्या प्रेक्षकांस त्याचें ओझरतें दर्शन २००८ मध्यें आयपीएलच्या क्रिकेट सामन्यांबरोबर घडलें. पण सीमारेषेजवळचें तें नृत्य म्हणजे या खेळाचें सर्वांत सौम्य रूप होय. स्पर्धेंतील चिअरलीडिंग ही खडतर कसरत आहे. २०२१ मध्यें आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीनें त्याच्या जागतिक संघटनेस पूर्ण मान्यता दिली.

या कसरतींत प्रत्येकीची जागा ठरलेली असते. खालीं पाय रोवून भार पेलणाऱ्या मुलींना बेस म्हणतात. त्यांच्या मागें उभी राहून वरच्या मुलीचे घोटे सांभाळणारी, आणि ती कोसळल्यास तिची मान व मस्तक वांचविणारी, ती बॅकस्पॉट. आणि जिला हातांवर उभी करतात, हवेंत उडवितात व पुन्हां झेलतात, ती फ्लायर. दहीहंडीच्या पथकांची रचना श्रोत्यांच्या डोळ्यांपुढें आहेच. तेथेंही तळच्या थराला बेसच म्हणतात, आणि ज्या थरावर एकच माणूस उभा राहतो त्याला एक्का म्हणतात. जगाच्या दोन टोकांना, एकमेकांची वार्ताही नसतां, दोन समाजांनीं सारखाच खेळ रचला; कारण दोहोंच्या मुळाशीं एकच गणित आहे: बळकट असेल त्यानें खालीं उभें राहावें, हलकें असेल त्यानें वर चढावें.

हें गणित चुकीचें नाहीं. चूक होते ती पुढच्या पायरीवर. हलकें असणें आणि हलकें राहणें या दोन निराळ्या गोष्टी आहेत. दहा-अकरा वर्षांची मुलगी हलकी असते, तें तिच्या वयाचें लक्षण होय. ती वर चढते, टाळ्या मिळवते, आणि तिच्या मनांत हळूहळू असें ठसतें कीं आपली किंमत आपल्या हलकेपणांत आहे. मग तेरावें-चौदावें वर्ष लागतें. उंची वाढते, हाडें रुंदावतात, अंगावर मांस व मेद चढतो. निसर्गानें हीच योजना केलेली आहे. परंतु तीच वाढ आतां तिचा अपराध ठरते. खालच्या मुली सहज बोलून जातात, “आज तूं जड लागलीस.” बोलणारीच्या मनांत कांहीं नसतें, ऐकणारीच्या मनांतून तें वाक्य वर्षभर जात नाहीं. तिच्यापुढें दोन वाटा उरतात: वरची जागा सोडावयाची, किंवा वाढणारें शरीर थांबवावयाचें.

किती मुली दुसऱ्या वाटेकडे वळतात, याचा कांहींसा अंदाज २०१२ मध्यें प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन पाहणीवरून करतां येतो. महाविद्यालयांतील १३६ चिअरलीडर मुलींची ती पाहणी होती. त्यांपैकीं सुमारें एक तृतीयांश मुलींना आहारविषयक विकार जडण्याचा धोका असल्याचें दिसून आलें. पोट उघडें ठेवणारा पोशाख घातला असतां आपल्या शरीराविषयींचें त्यांचें असमाधान सर्वांत अधिक होतें, हीही गोष्ट त्यांत आढळली. म्हणजे येथें केवळ भाराचा प्रश्न नाहीं. हजारों डोळ्यांपुढें उभें राहावयाचें असतें, आणि खालीं उभी असलेली बेसही स्वतःचें शरीर वरच्या मुलीशीं ताडून पाहात असते.

आहारविषयक विकार म्हणजे खाण्यापिण्याचा लहरीपणा नव्हे. १८७३ च्या सुमारास लंडनचे सर विल्यम गल आणि पॅरिसचे शार्ल लासेग या दोन वैद्यकवेत्त्यांनीं, स्वतंत्रपणें, अशा तरुण मुलींचें वर्णन केलें कीं ज्या दुसरा कोणताही रोग नसतां अन्न टाळून झिजत चालल्या होत्या. गल यांनीं त्यास अ‍ॅनोरेक्सिया नर्व्होसा हें नांव दिलें. या विकारांत मुलगी वाळून काडी झाली तरी तिला आरशांत आपण स्थूलच दिसतो. दुसरा प्रकार बुलिमिया नर्व्होसा. त्याचें वर्णन १९७९ मध्यें जेराल्ड रसेल यांनीं केलें. त्यांत भूक अनावर होऊन मुलगी एका बैठकींत पुष्कळ खाते, आणि मग लाजेनें व भीतीनें ओकून टाकते, रेचक घेते किंवा बेसुमार व्यायाम करते. तिचें वजन पुष्कळदां चारचौघींसारखेंच असतें. त्यामुळें घरच्यांना वर्षानुवर्षें सुगावा लागत नाहीं. मानसिक विकारांपैकीं सर्वाधिक प्राणघातक विकारांत अ‍ॅनोरेक्सियाची गणना होते.

जुन्या पिढीच्या श्रोत्यांना रेल्वेच्या फलाटांवरचीं, रंगीत दिव्यांचीं वजनाचीं यंत्रें आठवत असतील. नाणें टाकलें कीं पुठ्ठ्याचें लहानसें तिकीट बाहेर पडे. त्यावर वजन आणि भविष्य दोन्ही छापलेलीं असत. प्रवासी तें हंसत वाचून गाडींत बसत. या विकारानें ग्रासलेल्या मुलीच्या हातांतून मात्र तें तिकीट सुटत नाहीं. तिच्या लेखीं वजनाचा आंकडा हेंच भविष्य होऊन बसतें.

उपासमारीनें मनाचें काय होतें, याचा सर्वांत प्रसिद्ध प्रयोग त्याच मिनेसोटा विद्यापीठांत झाला. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस, १९४४-४५ मध्यें, अ‍ॅन्सेल कीज या शास्त्रज्ञानें ३६ निरोगी तरुणांना त्यांच्या संमतीनें सहा महिने अर्धपोटीं ठेवलें. युद्धानें उपासमार झालेल्या लोकांना पुन्हां कसें पोसावें, हें त्याला शोधावयाचें होतें. योगायोग असा कीं कीज याची प्रयोगशाळा विद्यापीठाच्या फुटबॉल क्रीडांगणाच्या प्रेक्षक-सज्जाखालींच होती. ज्या विद्यापीठांत जयघोषाचा खेळ जन्मला, त्याच विद्यापीठाच्या क्रीडांगणाखालीं भुकेची परीक्षा झाली.

त्या तरुणांचें वजन सुमारें एक चतुर्थांश घटलें. नाडी मंद झाली, अंगांत सतत थंडी भरूं लागली, उभें राहतांना घेरी येऊं लागली. पण खरें आश्चर्य त्यांच्या मनाच्या अवस्थेचें होतें. एरवीं विचारी व समंजस असलेले हे तरुण रात्रंदिवस अन्नाचाच विचार करूं लागले. कोणी पाकशास्त्राचीं पुस्तकें जमविलीं; कोणी ताटांतला घांस तासन् तास चिवडीत बसे. ते चिडखोर व एकलकोंडे बनले. कामांत त्यांचें चित्त लागेना. पुरेसें अन्न मिळूं लागल्यावरही मन ठिकाणावर येण्यास कित्येक महिने लागले. यांपैकीं एकालाही आधीं कसला मनोविकार नव्हता. यावरून घरोघरच्या वडील माणसांनीं एक गोष्ट ध्यानांत घ्यावी: अर्धपोटीं राहणारी मुलगी हट्टी, तुसडी किंवा अबोल दिसली, तर तो तिचा स्वभाव समजूं नये. पुष्कळदां भूकच तिच्या तोंडून बोलत असते.

आतां शरीराकडे वळावें. खेळासाठीं लागणारी शक्ति व आहारांतून मिळणारी शक्ति यांचा मेळ बसेनासा झाला कीं शरीर काटकसर करूं लागतें. प्रथम तें वाढ रोखतें. मग मुलीची मासिक पाळी अनियमित होते किंवा बंद पडते. पाळी बंद पडणें ही कसून मेहनत केल्याची पावती आहे असा एक समज खेळाडूंत आढळतो. तो सर्वस्वीं घातक आहे. त्या काळांत हाडांना कस पोंचविणारा अंतःस्राव आटतो आणि हाडें ठिसूळ होतात. मनुष्याच्या हाडांची बहुतेक पुंजी विशीच्या आगेमागेच जमते. त्या वयांत गमावलेलें पुढें पुरतें भरून येईलच अशी हमी नसते. अपुरा आहार, थांबलेली पाळी व ठिसूळ हाडें या तिहींच्या सांखळीकडे अमेरिकेंतील क्रीडावैद्यकांनीं १९९२ मध्यें लक्ष वेधलें. २०१४ मध्यें आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीच्या तज्ज्ञांनीं ही कल्पना व्यापक केली आणि शक्तीच्या तुटवड्याचा परिणाम हृदय, पचन, रोगप्रतिकार व मन यांवरही होतो, आणि मुलगेही त्यांतून सुटत नाहींत, असें सांगितलें.

इतकी किंमत मोजून थराला काय लाभतें? समजा, एका मुलीच्या खांद्यावर दुसरी व तिच्या खांद्यावर तिसरी उभी आहे. वरची ३० किलो, मधली ४५ किलो; म्हणजे खालचीवर ७५ किलोंचा भार आला. वरच्या मुलीनें पोट मारून दोन किलो वजन उतरविलें, तर खालचीचा भार ७३ किलो झाला. शंभरांत तीन भागही कमी नाहीं. आणि तळाशीं जेथें भार अनेक खांद्यांवर वांटला जातो, तेथें या दोन किलोंचा पत्ताही लागत नाहीं. पण त्याच दोन किलोंसाठीं वरच्या मुलीचे पाय थरथरूं लागले, तिला घेरी आली, एक क्षण तिचें अवधान सुटलें, तर सारा मनोरा हलतो. वर उभें राहणारें शरीर ताठ व सावध असेल तर तें आपला तोल आपण सांभाळतें. गळून गेलेलें शरीर तितक्याच वजनाचें असूनही खालच्यांना अधिक जड लागतें. भुकेनें आणलेला हलकेपणा मनोऱ्याला बळकट करीत नाहीं. तो मनोऱ्याचा सर्वांत कच्चा दगड त्याच्या माथ्यावर नेऊन ठेवतो.

हा धोका चिअरलीडिंगपुरता नाहीं. अमेरिकेची जिम्नॅस्ट क्रिस्टी हेन्रिक १९९४ मध्यें, वयाच्या अवघ्या २२व्या वर्षीं, अ‍ॅनोरेक्सियानें मरण पावली. १९८८ मध्यें एका परीक्षकानें तिला वजन कमी करण्यास सुचविलें होतें, असें त्या वेळीं वृत्तपत्रांतून प्रसिद्ध झालें. शब्द दोन-चारच होते. कोणता शब्द कोणत्या मनांत किती खोल रुतेल, याचा अंदाज बोलणाऱ्याला नसतो. भारतीयांच्या स्मरणांत तर २०२४ ची पॅरिस ऑलिंपिक स्पर्धा ताजी आहे. ७ ऑगस्ट रोजीं, ५० किलो गटाच्या अंतिम कुस्तीच्या सकाळीं, विनेश फोगाट हिचें वजन केवळ १०० ग्रॅम अधिक भरलें आणि तिला बाद व्हावें लागलें. कुस्तींतील वजन हा नियमाचा भाग आहे आणि तेथील प्रश्न निराळा आहे. पण क्रीडांगण आणि तराजू यांचें नातें किती कठोर होऊं शकतें, हें त्या सकाळीं देशानें पाहिलें.

महाराष्ट्राची जुनी परंपरा या बाबतींत अधिक शहाणी होती. येथील तालमींत मेहनत आणि खुराक हे दोन शब्द जोडीनेंच उच्चारले जात. वस्ताद पोरांकडून जोर-बैठका काढून घेई, तसाच दूध प्यायलास कीं नाहीं हेंही विचारी. उत्तर पेशवाईत बाळंभटदादा देवधर यांनीं ज्या मल्लखांबाला नवें रूप दिलें, त्यालाही चपळ व हलकें अंग लागतें. पण तो हलकेपणा पकडीच्या बळांतून व सरावांतून यावयाचा, रिकाम्या पोटांतून नव्हे. विदर्भांतल्याच अमरावतींत १९१४ मध्यें स्थापन झालेल्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकानें १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळीं भारतीय व्यायामप्रकारांचीं प्रात्यक्षिकें करून दाखविलीं. शरीर कमावणें हा त्या पिढीचा शब्द होता. कमावणें म्हणजे भर घालणें, झिजविणें नव्हे.

परंतु याच समाजांत भूक झांकणारें एक मोठें पांघरूणही आहे. तें उपवासाचें. वर्धा जिल्ह्याला तर उपवासाचें महत्त्व सांगावयास नको; १९३६ पासून महात्मा गांधींचें वास्तव्य ज्या सेवाग्रामांत होतें, तें याच जिल्ह्यांत आहे. आत्मशुद्धीसाठीं केलेला उपवास आणि वजनाच्या भीतीनें टाळलेलें जेवण यांत जमीन-अस्मानाचें अंतर आहे. तरीही घरांतली मुलगी सोमवार, चतुर्थी, एकादशी असे एकामागून एक उपवास धरूं लागली, कीं घरचे तिच्या श्रद्धेचें कौतुक करतात आणि आंतला रोग निर्धास्तपणें वाढत राहतो. दोहोंतला भेद ओळखण्याची खूण सोपी आहे. व्रताला पारणें असतें. उपवास सुटला कीं व्रती आनंदानें पानावर बसतो. या विकाराला पारणें नसतें. उपवास सुटण्याचा दिवस आला कीं त्या मुलीच्या तोंडावर भीति दिसते, आणि तिला लगेच दुसरें निमित्त आठवतें.

कायद्यानें या क्षेत्रांत पाऊल टाकलें आहे, पण तें एका मर्यादेपर्यंतच. दहीहंडीबाबत २०१४ मध्यें मुंबई उच्च न्यायालयानें १८ वर्षांची वयोमर्यादा व २० फुटांची उंचीची मर्यादा घातली. पुढें प्रकरण सर्वोच्च न्यायालयांत जाऊन परत आल्यावर २०१७ मध्यें १४ वर्षांखालील मुलांना थरांत घेण्यास मनाई राहिली. उंचीची मर्यादा मात्र उरली नाहीं. न्यायालय वय पाहूं शकतें, उंची मोजूं शकतें. मुलाच्या ताटांत काय पडतें हें पाहणें घराच्या व शिक्षकाच्याच हातीं आहे.

घरच्यांनीं कांहीं खुणा ओळखाव्यात. मुलगी सर्वांबरोबर जेवायला बसण्याचें टाळते. “मैत्रिणीकडे खाल्लें” हें उत्तर रोजचें होतें. जेवतांच ती न्हाणीघरांत जाते व नळ सोडून ठेवते. दुसऱ्यांसाठीं आवडीनें पदार्थ करते, स्वतः चाखीत नाहीं. उन्हाळ्यांतही तिला थंडी वाजते, केंस गळतात, सैल कपड्यांत अंग लपविण्याची धडपड दिसते. सलग तीन महिने पाळी आली नाहीं, तर स्पर्धा जवळ आली आहे ही सबब बाजूस ठेवून डॉक्टरांकडे जावें. अशा वेळीं रागावणें, शपथा घालणें, बळेंच ताट पुढें करणें यांनीं काम बिघडतें. फार खंगलेल्या रोग्याला एकाएकीं भरपूर खाऊं घालणें तर जिवावरही बेतूं शकतें. म्हणून आहार वाढवावयाचा तो वैद्यकीय देखरेखीखालीं.

उपचार उपलब्ध आहेत आणि लवकर सुरू झाले तर ते गुणकारी ठरतात. लंडनच्या मॉडस्ली रुग्णालयांत १९८० नंतरच्या दशकांत एक पद्धति विकसित झाली. तींत दोषी कोण हें शोधीत न बसतां आईवडिलांनाच मुलीच्या जेवणाची जबाबदारी कांहीं काळ हातीं घ्यावयास शिकवितात, आणि ती सांवरत जाईल तशी ती जबाबदारी तिच्याकडे परत सोंपवितात. घरीं एकत्र बसून जेवण्याची चाल असलेल्या महाराष्ट्रीय कुटुंबाला ही रीत परकी वाटूं नये. मोठ्या शहराबाहेर राहणाऱ्यांनींही आपण दूर आहों असें समजूं नये. सिंदीसारख्या गांवाला सेवाग्रामचें कस्तुरबा रुग्णालय जवळ आहे. १९६९ मध्यें सुरू झालेली महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था त्याला जोडलेली आहे. २०२२ पासून शासनाची टेली-मानस ही दूरध्वनिसेवाही १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य सुरू आहे.

शिक्षकांचें कर्तव्य याहूनही सोपें आहे. मुलांचें वजन चारचौघांत करूं नये, आणि केलेंच तर त्यावर थट्टा करूं नये. वरची जागा पायांतलें बळ, तोल व अवधान पाहून द्यावी. पोशाख असा असावा कीं त्यांत खेळणारी मुलगी स्वतःला विसरून खेळूं शकेल. आणि सर्वांत महत्त्वाचें म्हणजे, वर चढणाऱ्या प्रत्येक मुलीला पहिल्याच दिवशीं सांगावें कीं ही जागा कांहीं वर्षांचीच आहे. तूं वाढशील, तेव्हां मधल्या थरावर येशील, पुढें तळाशीं उभी राहून दुसरीला उचलशील, आणि तोही तितकाच मानाचा भाग असेल. ज्या पथकांत ही बढती मानली जाते, तेथें वाढ हा अपराध ठरत नाहीं.

थर रचण्याची कला महाराष्ट्राला कोणीं शिकवावयास नको. मात्र तिचा एक नियम प्रत्येक आखाड्याच्या व शाळेच्या भिंतीवर लिहून ठेवण्यासारखा आहे: मूल जड झालें तर त्याचा थर बदलावा, त्याचें ताट बदलूं नये.